प्राण्याला न टोचता मोनोक्लोनल अँटीबॉडी: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जैवतंत्रज्ञान शिकणारी मुलं, वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत काम करणारी माणसं, इस्पितळांच्या प्रयोगशाळांतले तंत्रज्ञ आणि प्राण्यांविषयी मनापासून कळवळा असलेले वाचक अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही बरीच लांब. जिथे गैरसमज जास्त आहेत तिथे मुद्दाम सविस्तर लिहिलं आहे.

मोनोक्लोनल अँटीबॉडी म्हणजे काय? तिच्यासाठी प्राणी का लागत?

परक्या रेणूला ओळखून त्याला घट्ट चिकटणारं प्रथिन म्हणजे अँटीबॉडी. शाळेच्या पुस्तकात आपण तिला प्रतिपिंड म्हणतो. तिच्यात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. जड-हलक्या साखळीच्या प्रत्येक जोडीच्या टोकाला सहा छोटे वळसे असतात आणि चिकटण्याचं काम मुख्यतः हे वळसेच करतात. एखादा जंतू अंगात शिरला की रक्तात त्याच्याविरुद्ध नाना तऱ्हेच्या अँटीबॉडीज तयार होतात. त्यांतली एकच निवडून तिच्या हुबेहूब प्रती काढल्या की ती मोनोक्लोनल.

अशा प्रती काढायची पहिली खात्रीची रीत जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये दाखवली. उंदराला हवं ते प्रथिन टोचायचं, काही आठवड्यांनी पुन्हा टोचायचं, मग उंदीर मारून त्याची प्लीहा काढायची. प्लीहेतल्या अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी कर्करोगाच्या न मरणाऱ्या पेशींशी जोडायच्या. या जोडपेशी म्हणजे हायब्रिडोमा. १९८४ चं नोबेल त्या दोघांना नील्स येर्ने यांच्याबरोबर मिळालं आणि ते योग्यच होतं. आजचं निदानशास्त्र बऱ्याच अंशी त्या कामावर उभं आहे.

पुढे जास्त माल मिळावा म्हणून हायब्रिडोमा जिवंत उंदराच्या पोटात वाढवण्याची प्रथा पडली. पोटात पाणी साचतं, पोट तटतटून फुगतं आणि ते पाणी सुईने काढून घेतात. युरोपातल्या अनेक देशांनी ही पद्धत बंद केली. तिचा बचाव करता येईल असं एकही कारण आज मला दिसत नाही. त्याच पेशी बाटलीत किंवा छोट्या बायोरिअ‍ॅक्टरमध्ये वाढतात.

‘प्राणी न वापरता’ म्हणजे नेमकं काय समजायचं?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण हे शब्द फार सैल वापरले जातात. अँटीबॉडीच्या वाटेत प्राणी तीन ठिकाणी येऊ शकतो. पहिलं ठिकाण शोधाचं, म्हणजे ती मुळात कुठून मिळाली. दुसरं उत्पादनाचं, म्हणजे ती कशात वाढवली. तिसरं ठिकाण तिच्याभोवतीच्या सामानाचं: पोषक द्रव, तपासणीची रसायनं, दुय्यम अँटीबॉडीज (म्हणजे पहिल्या अँटीबॉडीला चिकटून ती दाखवून देणाऱ्या). प्राणी न टोचता हे वर्णन फक्त पहिल्या ठिकाणाबद्दल बोलतं. म्हणून कुणी तसा दावा केला की उरलेल्या दोन ठिकाणांबद्दल वेगळं विचारायला हवं. खालची बरीच उत्तरं याच फरकावर आधारलेली आहेत.

टोचलंच नाही तर अँटीबॉडी सापडते कशी? फाज डिस्प्ले म्हणजे काय?

जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंना फाज म्हणतात. एम१३ नावाचा फाज दोऱ्यासारखा लांब असतो आणि ई. कोलाय जिवाणूत राहतो. १९८५ मध्ये अमेरिकेच्या मिसुरी विद्यापीठाचे जॉर्ज स्मिथ यांनी अशाच दोऱ्यासारख्या फाजच्या जनुकात परकं जनुक जोडलं. ते परकं प्रथिन फाजच्या अंगावर बाहेर दिसू लागलं आणि त्याचा आराखडा त्याच फाजच्या पोटात राहिला. प्रथिन आणि त्याचं जनुक असे एकत्र बांधलेले असणं, हीच या पद्धतीची, म्हणजे फाज डिस्प्लेची, सगळी ताकद आहे. १९९० मध्ये केंब्रिजला जॉन मॅकॅफर्टी, ग्रेग विंटर आणि सहकाऱ्यांनी अँटीबॉडीचा चिकटणारा तुकडा अशाच तऱ्हेने फाजवर बसवून दाखवला. स्मिथ आणि विंटर यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वर्षीचा अर्धा पुरस्कार फ्रान्सिस अर्नोल्ड यांना होता.

प्रत्यक्ष काम असं चालतं. आधी एक लायब्ररी लागते. लायब्ररी म्हणजे एका नळीत १०० कोटींपासून १०,००० कोटींपर्यंत वेगवेगळे फाज, प्रत्येकाच्या अंगावर निराळा तुकडा. आपलं लक्ष्य प्रथिन प्लास्टिकच्या प्लेटला किंवा चुंबकीय मण्यांना चिकटवायचं आणि त्यावर लायब्ररी ओतायची. ज्यांना चिकटता आलं ते राहतात, बाकीचे धुऊन जातात. सुपात तांदूळ पाखडताना कोंडा उडतो आणि दाणा राहतो, तसं. राहिलेले फाज आम्लाने किंवा ट्रिप्सिन या प्रथिन तोडणाऱ्या विकराने सोडवून पुन्हा ई. कोलायमध्ये वाढवायचे आणि दुसऱ्या फेरीत जास्त कडक धुवायचं. साधारण तीन-चार फेऱ्यांत मोजकेच फाज वरचढ ठरतात. मग जिवाणूंची एकेक वसाहत वेगळी घेऊन एलायझा (चिकटलेली अँटीबॉडी रंगाने दाखवणारी चाचणी) करायची, चांगल्यांचा जनुकक्रम वाचायचा आणि तो क्रम पूर्ण अँटीबॉडीत बसवून पेशींमध्ये बनवायचा. सगळं जुळून आलं तर निवडीचं काम काही आठवड्यांत होतं. हायब्रिडोमाला महिने लागतात.

इथे एक सोय अशी आहे जी उंदरात मिळतच नाही. निवड कोणत्या परिस्थितीत करायची हे आपण ठरवतो. पीएच किती, मीठ किती, तापमान किती, सगळं. लक्ष्याशी मिळतंजुळतं पण नको असलेलं प्रथिन आधीच नळीत टाकून त्याला चिकटणारे फाज काढूनही टाकता येतात. डेंग्यूच्या चार प्रकारांतला एकच ओळखायचा असेल तर ही सोय फार मोलाची ठरते.

ही लायब्ररी येते कुठून?

दोन मुख्य वाटा आहेत. निरोगी माणसांचं थोडं रक्त घेऊन त्यातल्या बी पेशींची अँटीबॉडी-जनुकं उचलायची, ही पहिली. दान करणाऱ्याला त्या रोगाची लस किंवा लागण झालेली असण्याची गरज नसते, कारण जड आणि हलक्या साखळ्यांची नवीन जुळणी नळीत होते. दुसरी वाट पूर्ण कृत्रिम आहे. काही स्थिर मानवी सांगाडे घ्यायचे आणि सहा वळशांमधली अक्षरं रसायनशाळेत ठरवून बदलायची. २००० मध्ये प्रसिद्ध झालेली ह्यूकॅल ही अशी गाजलेली लायब्ररी. सोरायसिसवरचं गुसेलकुमॅब हे औषध तिच्यातून आलं आणि २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

लायब्ररी एकदा बांधली की शेकडो लक्ष्यांसाठी वापरता येते. प्रत्येक नव्या लक्ष्यासाठी नवे उंदीर लागत नाहीत.

प्राण्याच्या अंगात अँटीबॉडी दर आठवड्याला सुधारत जाते. नळीत ती तशीच कच्ची राहणार ना?

शंका रास्त आहे. लायब्ररीतून पहिल्यांदा निघालेली अँटीबॉडी पुष्कळदा मध्यमच चिकटते. तिला सुधारण्यासाठी तिच्या जनुकात मुद्दाम चुका घडवून नवी छोटी लायब्ररी करतात, एक साखळी तशीच ठेवून दुसरी हजारोंशी जुळवून बघतात, किंवा वळशांमधली एकेक जागा बदलतात. मग पुन्हा निवड, या वेळी लक्ष्य अगदी कमी ठेवून आणि धुणं लांबवून. प्राण्याच्या शरीरात एका मर्यादेनंतर सुधारणा थांबते, कारण त्याहून घट्ट पकडीचा शरीराला फायदा नसतो. नळीत तशी अट नाही.

फाजशिवाय दुसऱ्या पद्धती आहेत का?

आहेत. यीस्टच्या पेशीवर अँटीबॉडी बसवण्याची पद्धत बोडर आणि विट्रप यांनी १९९७ मध्ये मांडली. यीस्ट मोठं असल्यामुळे पेशी मोजणाऱ्या आणि वेगळ्या करणाऱ्या यंत्रातून एकेक पेशी पकडीच्या घट्टपणानुसार निवडता येते. त्याच वर्षी हानेस आणि प्लुकथुन यांनी रायबोसोम डिस्प्ले दाखवला (रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिन बनवणारा कण). त्यात जिवंत पेशीच लागत नाही.

उंटाच्या कुळात नुसत्या जड साखळीच्या अँटीबॉडीजही असतात, हे ब्रुसेल्समधल्या संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांच्या टोकाचा एकटा तुकडा म्हणजे नॅनोबॉडी. आधी त्यासाठी लामांना टोचत. आता पूर्ण कृत्रिम नॅनोबॉडी लायब्ररी उपलब्ध आहेत.

माणसांपासूनही अँटीबॉडी मिळते. बरा झालेला रुग्ण किंवा लस घेतलेला स्वयंसेवक यांच्या रक्तातली एकेक बी पेशी वेगळी करून तिचं जनुक वाचतात. कोविडवरचं सोट्रोव्हिमॅब हे २००३ च्या सार्सच्या साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या अँटीबॉडीवरून तयार झालं.

संगणकावर अँटीबॉडी रचण्याचं काम अगदी ताजं आहे. डेव्हिड बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांच्या संगणकीय रचनेसाठी मिळालं. त्यांच्या गटाने त्याच वर्षी शून्यातून रचलेल्या नॅनोबॉडीज दाखवल्या. सुरुवातीच्या नॅनोबॉडीजची पकड बेताची होती आणि पुढे प्रयोगशाळेत सुधारावी लागली. तरी या दिशेला माझं सर्वांत जास्त लक्ष आहे.

‘मानवी’ अँटीबॉडी म्हणजे प्राण्याशिवायची अँटीबॉडी, बरोबर?

नाही. मानवी अँटीबॉडी-जनुकं घातलेले उंदीर असतात. त्यांना टोचलं की मानवी क्रमाची अँटीबॉडी मिळते, पण उंदीर टोचलेलाच असतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रेबीजवरची अँटीबॉडी अशाच उंदरांतून आली. तिच्यामुळे घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेल्या रेबीज-प्रतिद्रव्यावरचं अवलंबन कमी झालं आणि हे मोठं काम आहे. फक्त तिला प्राणीविरहित शोध म्हणता येत नाही.

अशी औषधं खरंच बाजारात आहेत की हे सगळं कागदावरच आहे?

आहेत, बरीच. पण सर्वांत जास्त नाव घेतलं जातं त्या उदाहरणात एक गोची आहे. संधिवातावरचं अ‍ॅडालिमुमॅब फाज डिस्प्लेतून आलेलं पहिलं मोठं औषध. अमेरिकेत त्याला २००२ च्या अखेरीस मान्यता मिळाली आणि भारतातही त्याच्या समरूप आवृत्त्या मिळतात. मात्र त्याचा शोध उंदराच्या एका अँटीबॉडीला वाटाड्या धरून झाला. आधी एक साखळी उंदराची ठेवून मानवी जोडीदार शोधला, मग दुसरी बदलली. म्हणजे शेवटचा रेणू मानवी, पण वाटेच्या सुरुवातीला उंदीर आहे.

स्वच्छ उदाहरण हवं असेल तर बेलिमुमॅब घ्यावं. ल्यूपसवरचं हे औषध न टोचलेल्या माणसांच्या फाज लायब्ररीतून निघालं आणि २०११ मध्ये मान्य झालं. जठराच्या कर्करोगावर २०१४ मध्ये मान्य झालेलं रामुसिरुमॅबही मानवी फाज लायब्ररीतलं.

सापाच्या विषावरचं औषध घोड्यांशिवाय बनेल का?

गोव्यात हा प्रश्न फार कळकळीने विचारला जातो. त्याचं कारण उघड आहे. शेतात, काजूच्या बागायतीत, कुळागरात पावसाळ्यात माणूस आणि साप एकाच वाटेने चालतात.

आजचं प्रतिविष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्बेर काल्मेत यांनी घालून दिलेल्या रीतीनेच बनतं. घोड्याला विषाचे वाढते डोस टोचायचे, त्याचं रक्त काढायचं आणि त्यातल्या अँटीबॉडीज शुद्ध करायच्या. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. त्यासाठीचं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेतून येतं. यात तीन अडचणी आहेत. बाटलीतल्या अँटीबॉडीजपैकी थोड्याच विषाविरुद्ध असतात. घोड्याचं प्रथिन परकं असल्यामुळे रुग्णाला तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते. आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, शिवाय पश्चिम घाटातल्या चापड्यांच्या विषाचा या चौघांत समावेशच नाही.

२०२४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेबरोबर ९५मॅट५ नावाची अँटीबॉडी प्रसिद्ध केली. ती यीस्टवर बसवलेल्या कृत्रिम मानवी लायब्ररीतून निवडली होती. शोधासाठी घोडा नाही, उंदीरही नाही. नाग, मण्यार आणि मांबा यांच्या विषात नसा बधिर करणारे एका कुळातले रेणू असतात. त्यांचा जो भाग सगळ्यांत सारखा असतो त्याला ही अँटीबॉडी धरते. नागाची एक जात, मण्यारची एक जात आणि आफ्रिकेतला ब्लॅक मांबा यांच्या पूर्ण विषापासून तिने उंदरांना वाचवलं. हो, उंदरांना. शोध प्राण्याशिवाय झाला तरी परिणाम तपासायला उंदीर वापरावे लागले. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

घोणस आणि फुरशाचं विष वेगळं असतं. ते रक्त आणि ऊतींवर हल्ला करतं आणि त्यात अनेक तऱ्हेची विकरं असतात. त्यांच्यावर ही अँटीबॉडी चालत नाही. म्हणजे एका बाटलीत अशा चार-सहा निवडक अँटीबॉडीजचं मिश्रण लागेल. ते होईल असं मला वाटतं, पण अजून झालेलं नाही. आज कुणाला साप चावला तर वेळ न दवडता गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात न्या. तिथे मिळणारं घोड्याचं प्रतिविषच आज जीव वाचवतं.

सत्तरी तालुक्यातल्या माकडतापावर अशी अँटीबॉडी का बनवत नाहीत?

बनवण्यासारखी आहे, आणि गोव्याने यात पुढाकार घ्यावा असं माझं ठाम मत आहे. माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडला. गोचिडीतून तो माणसात येतो. सत्तरीत २०१५ मध्ये पाली गावात त्याने मोठा फटका दिला. ज्या महिन्यांत काजू गोळा करायला माणसं रानात जातात त्याच महिन्यांत हा ताप जोर धरतो. त्याच्यावर नेमकं असं औषध नाही. उपचार लक्षणांवरच होतात.

प्राण्याला टोचून अँटीबॉडी काढायची तर विषाणू हाताळावा लागतो किंवा त्याचं प्रथिन बनवून कित्येक महिने टोचत बसावं लागतं. जिवंत विषाणूला अतिसुरक्षित प्रयोगशाळा लागते. तशी सोय पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आहे, आपल्याकडे नाही. फाज किंवा यीस्ट डिस्प्लेला मात्र विषाणूच्या कवचातलं एक प्रथिन पुरतं. ते पेशींमध्ये वेगळं बनवता येतं आणि त्याने कुणालाही लागण होत नाही. निवडीचा सगळा भाग साध्या प्रयोगशाळेत होऊ शकतो. जिवंत विषाणूवरची शेवटची चाचणी तेवढी पुण्यात करावी लागेल.

दुसरी वाट सत्तरीतल्या बऱ्या झालेल्या माणसांकडून जाते. त्यांच्या रक्तात या विषाणूला हरवलेल्या पेशी आहेत. पण रक्त घेण्याआधी त्यांना त्यांच्या भाषेत पूर्ण समजावून सांगायला हवं. रक्ताचं काय होणार, औषध बनलं तर त्यांना काय मिळणार, हेही सांगायला हवं. गोचिडींच्या रानात राबणाऱ्या कुटुंबांकडून रक्त घेऊन पुढे काहीच न कळवणं हा अन्याय ठरेल.

एक धोकाही लक्षात ठेवावा लागतो. माकडतापाचा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला आहे, आणि या कुळातल्या विषाणूंमध्ये अर्धवट काम करणारी अँटीबॉडी कधीकधी विषाणूला पेशीत शिरायला मदत करते. अँटीबॉडीचा शेपटीकडचा भाग बदलून हे टाळता येतं. पण ते आधी तपासायला हवं.

मलेरियाच्या झटपट किटशी याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. फॅल्सिपॅरम मलेरिया ओळखणारी पॅराचेक ही पट्टी वेर्ण्याच्या ऑर्किड बायोमेडिकल सिस्टिम्सने बनवली आणि ती देशाबाहेरही वापरली गेली. अशा पट्टीत परोपजीवीचं प्रथिन पकडायला सहसा दोन अँटीबॉडीज लागतात. एक कागदावर बसवलेली, दुसरी सोन्याच्या सूक्ष्म कणांना बांधलेली. रेघ उमटते ती या दोघींच्या मधोमध प्रथिन अडकल्यामुळे.

किट बनवणाऱ्याला वर्षानुवर्षं तीच अँटीबॉडी हवी असते. हायब्रिडोमा पेशी जुन्या होतात, गोठवलेल्या नळ्या खराब होतात, कधी पेशी अँटीबॉडी बनवणंच सोडून देतात. अँटीबॉडीचा जनुकक्रम हातात असेल तर ती कधीही, कुठेही पुन्हा बनते. म्हणून निदान-किटच्या उद्योगाला ही पद्धत औषधांच्या उद्योगाइतकीच, कदाचित जास्तच, उपयोगी आहे.

प्राण्याशिवायची अँटीबॉडी दर्जाने कमी असते का?

दोन्ही बाजू सांगतो.

हायब्रिडोमा निर्दोष असतो हा समज आधी सोडावा. २०१८ मध्ये १८५ हायब्रिडोमांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश पेशींत एकापेक्षा जास्त जड किंवा हलक्या साखळ्या सापडल्या. म्हणजे मोनोक्लोनल म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत मिश्रण होतं. २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी मिळून मागणी केली होती की संशोधनातल्या अँटीबॉडीज जनुकक्रम माहीत असलेल्या आणि पुनर्संयोजित, म्हणजे तो क्रम पेशीत घालून बनवलेल्या, असाव्यात. ती मागणी आजही पूर्ण झालेली नाही.

दुसरी बाजू अशी की प्राण्याचं शरीर एक गाळणी लावतं. स्वतःच्या प्रथिनांना चिकटणाऱ्या, गोळा होणाऱ्या, अस्थिर अँटीबॉडीज बऱ्याच अंशी तिथेच बाद होतात. नळीत ती गाळणी नसते. २०१७ मध्ये १३७ अँटीबॉडीजच्या गुणधर्मांची तुलना झाली तेव्हा फाज डिस्प्लेतून आलेल्यांत अशा तक्रारी जास्त दिसल्या. युरोपियन आयोगाच्या केंद्राने २०२० मध्ये प्राणीविरहित अँटीबॉडीजकडे वळण्याची शिफारस केली तेव्हा काही रोगप्रतिकारशास्त्रज्ञांनी याच मुद्द्यावर आक्षेप घेतला. उत्तर असं की स्थिरतेची आणि चिकटपणाची चाचणी शेवटी ढकलायची नाही. ती निवडीच्या फेऱ्यांतच घालायची. नव्या लायब्ररी मुळातच स्थिर सांगाड्यांवर बांधतात.

बांगड्यातलं हिस्टामीन ओळखायला अशी अँटीबॉडी चालेल का?

चालेल, आणि इथे प्राणी हा चांगला पर्यायही नाही. बांगडा, तारली, कुपा नीट थंड ठेवले नाहीत तर जिवाणू त्यांच्यात हिस्टामीन बनवतात आणि ते शिजवूनही जात नाही. पण हिस्टामीन हा अगदी छोटा रेणू आहे आणि प्राण्याच्या स्वतःच्या शरीरातही असतो, त्यामुळे त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी सहज उठत नाही. रेणू मोठ्या प्रथिनाला बांधावा लागतो. लायब्ररीतही तो कशावर तरी बांधावाच लागतो, पण फेऱ्याफेऱ्यांना वाहक प्रथिन बदलून नुसत्या वाहकाला चिकटणारे फाज काढून टाकता येतात. शिंपल्यांत साचणाऱ्या समुद्री विषांबाबत तर प्राण्याला टोचणं म्हणजे त्याला विषच देणं. नळीला विषबाधा होत नाही.

उत्पादनात प्राणी कुठे लपलेला असतो?

पूर्ण अँटीबॉडी बहुधा सीएचओ पेशींमध्ये बनवतात. थिओडोर पक यांनी १९५७ मध्ये एका चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून या पेशी वेगळ्या केल्या आणि त्याच वंशाच्या पेशी आजही वाढतात. आज त्यासाठी नवा प्राणी लागत नाही. छोटे तुकडे ई. कोलायमध्येही बनतात. डोळ्यात टोचायचं रॅनिबिझुमॅब असंच बनतं.

खरी अडचण भोवतालच्या सामानात आहे. पेशींच्या पोषक द्रवात वासराच्या गर्भाचं सीरम घातलं जातं. ते कत्तलखान्यात गाभण गायीच्या पोटातल्या गर्भातून काढतात. बहुतेक औषध कंपन्यांनी रासायनिकदृष्ट्या ठरलेले द्रव वापरून ते कधीच सोडलं आहे. शैक्षणिक प्रयोगशाळांत मात्र सवयीने चालू आहे. एलायझात वापरायची दुय्यम अँटीबॉडी बहुतेक वेळा शेळीला किंवा सशाला टोचून काढलेली असते. फाज मोजायची अँटीबॉडी पुष्कळदा उंदराच्या हायब्रिडोमातली असते. प्लेट झाकायला गायीचं अल्ब्युमिन किंवा दुधाची भुकटी, फाज सोडवायला डुकराच्या स्वादुपिंडातलं ट्रिप्सिन. यातल्या बहुतेकांना पर्याय मिळतात: पुनर्संयोजित ट्रिप्सिन, कृत्रिम झाकण-द्रव, थेट विकर जोडलेल्या नॅनोबॉडीज. उंदीर वाचवला म्हणून समाधान मानायचं आणि दुय्यम अँटीबॉडीसाठी शेळी टोचत राहायची, हे मला पटत नाही.

फाज माणसाला बाधतो का?

नाही. एम१३ फक्त ठरावीक ई. कोलायना लागण करतो. तो प्रयोगशाळेतल्या तुमच्याच जिवाणूंना मात्र पटकन लागतो आणि मग महिनोन् महिने सगळे प्रयोग बिघडवतो. फाजसाठी पिपेट वेगळे ठेवा, गाळणी असलेल्या टिप वापरा आणि काम संपलं की ब्लीचने पुसा.

गोव्यातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे करता येईल का?

निवडीचा भाग नक्की करता येईल. जिवाणू वाढवायचा शेकर, पीसीआर यंत्र, सेंट्रिफ्यूज, एलायझा रीडर आणि उणे ८० अंशांचा फ्रीझर एवढं असलं की सुरुवात होते. ताळगावच्या गोवा विद्यापीठात किंवा झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या आवारात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे सामान अनोळखी नाही. स्वतःची मोठी लायब्ररी बांधायच्या फंदात मात्र पडू नये. ते काम वर्ष खातं. दुसऱ्या संशोधन गटाशी करार करून तयार लायब्ररी मिळवावी. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रीझरला जनरेटर आहे ना, हे आधी पाहावं. लायब्ररी एकदा वितळली की तिची विविधता परत येत नाही.

जनुकीय काम असल्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. मानवी रक्त वापरायचं तर नैतिकता समितीची आणि दात्याच्या लेखी संमतीची. प्राण्यांच्या समितीकडे जावं लागत नाही आणि त्यात वाचणारा वेळ थोडाथोडका नसतो.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा शक्य असेल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत असं कलम १७ मध्ये सांगतो. प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आज सीसीएसईए नावाने ओळखली जाते, आधीचं नाव सीपीसीएसईए. प्राणी वापरायचे असतील तर ते का टाळता येत नाहीत हे संस्थेला लिहून द्यावं लागतं. अँटीबॉडीसाठी हे कारण देणं आता अवघड होत जायला हवं.

२०२३ मध्ये भारताने नव्या औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी पेशी आणि इतर पद्धतींवरच्या चाचण्यांना जागा दिली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, एप्रिल २०२५ मध्ये मोनोक्लोनल अँटीबॉडीजसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचं जाहीर केलं. हे दोन्ही बदल औषधाच्या सुरक्षिततेच्या चाचण्यांबद्दल आहेत, अँटीबॉडीच्या शोधाबद्दल नाहीत. बातम्यांत या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात.

आमच्याकडे जुना, चांगला हायब्रिडोमा आहे. तो फेकून द्यायचा का?

अजिबात नाही. त्याच्या जड आणि हलक्या साखळीचं जनुक वाचून घ्या आणि तो क्रम सुरक्षित ठिकाणी ठेवा. मग ती अँटीबॉडी सीएचओ किंवा एचईके-२९३ (माणसाच्या मूत्रपिंडापासूनच्या) पेशींमध्ये पुनर्संयोजित रूपात बनवा. मूळ उंदीर गेला तो गेला, पण पुढे एकही लागणार नाही. नव्या लक्ष्याचा शोध सुरू करण्याआधी हे काम करावं, कारण यात धोका सर्वांत कमी आणि फायदा लगेच आहे.

अँटीबॉडी विकत घेताना विक्रेत्याला काय विचारावं?

तिचा जनुकक्रम माहीत आहे का, आणि ती पुनर्संयोजित आहे की हायब्रिडोमातून येते. शोधासाठी प्राणी टोचला होता का. उत्पादनात गर्भाचं सीरम वापरलं का. तुमच्याच प्रकारच्या नमुन्यावर, म्हणजे रक्त, ऊती किंवा मासळीचा अर्क जे काही असेल त्यावर, ती तपासली आहे का, आणि लक्ष्य प्रथिन नसलेल्या पेशींवर ती गप्प राहते का. उत्तरं लेखी मागा आणि प्रबंधात किंवा शोधनिबंधात अँटीबॉडीच्या नावाशेजारी तिचा क्लोन क्रमांक आणि लॉट क्रमांकही लिहा.